निवळलेल्या हवेची किंमत

एखादी चांगली गोष्ट दुसऱ्याच्या दुःखातून आपल्या पदरात पडली, तर तिचा आनंद मानावा की मानू नये? प्रश्न जुना आहे. दुष्काळात पडत्या भावाने मिळालेली जमीन, शेजाऱ्याच्या अडचणीत स्वस्तात दावणीला आलेली म्हैस, यांच्या बाबतीत आपल्या वाडवडिलांनी तो स्वतःस विचारला आहे. काहींनी त्याचे प्रामाणिकपणे उत्तर दिले, तर काहींनी तो विचारण्याचेच टाळले. २०२० साली हाच प्रश्न साऱ्या देशापुढे नव्या रूपाने उभा राहिला. या वेळी तो हवेविषयी होता.

त्या वर्षी २२ मार्चला, रविवारी, 'जनता कर्फ्यू' पाळण्यात आला. २४ मार्चला रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी टाळेबंदी जाहीर केली आणि चार तासांनी, मध्यरात्री, ती लागू झाली. एकवीस दिवसांची म्हणून सुरू झालेली ही बंदी टप्प्याटप्प्याने ३१ मेपर्यंत वाढली. आगगाड्या, मोटारी, कारखाने, शाळा, आठवड्याचे बाजार, देवळे, मशिदी आणि आपली उपासनामंदिरेही बंद झाली. १२ एप्रिलचा पुनरुत्थानाचा सण ख्रिस्ती मंडळ्यांनी आपापल्या घरांत पाळला. रोगाची साथ थोपविणे हा या बंदीचा हेतू होता व तो योग्य होता की नव्हता, किंवा ती निराळ्या रीतीने करता आली असती काय, हा वाद येथे करावयाचा नाही. आम्हांला विचार करावयाचा आहे तो या बंदीतून न मागता मिळालेल्या एका गोष्टीचा. देशातील हवा निवळली.

आकाश निवळले ते कसे

हवा निवळली हा भास नव्हता. एप्रिल २०२० च्या आरंभी पंजाबातील जालंधर शहराच्या गच्च्यांवरून धौलाधार पर्वताची हिमशिखरे दिसू लागली. ती शंभर किलोमीटरहून अधिक दूर आहेत, आणि अनेक तरुणांनी ती आपल्या घरून पूर्वी कधी पाहिलीच नव्हती. अमेरिकेच्या 'नासा' या संस्थेने उपग्रहांवरील यंत्रांच्या आधारे सांगितले की, उत्तर भारतावरील हवेतील कणांचे प्रमाण वर्षाच्या त्या काळापुरते वीस वर्षांतील नीचांकावर आले होते. दिल्लीत तर अतिसूक्ष्म कणांचे प्रमाण आदल्या वर्षीच्या त्याच दिवसांच्या मानाने सुमारे निम्म्यावर आले. मोटारींच्या धुरातून येणारा नायट्रोजन डायऑक्साइड मुंबईसारख्या शहरांत झपाट्याने उतरला.

हे अतिसूक्ष्म कण म्हणजे काय, तेही थोडक्यात सांगितले पाहिजे. ज्यांचा व्यास अडीच मायक्रॉन किंवा त्याहून कमी असतो, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीचा सुमारे तिसावा भाग, असे हे कण असतात. ते नाकात अडत नाहीत, घशात अडत नाहीत; थेट फुप्फुसांच्या तळाशी जातात आणि तेथून काही रक्तातही मिसळतात. म्हणून ते केवळ खोकल्याचे कारण राहत नाहीत. हृदयविकार, पक्षाघात, फुप्फुसाचा कर्करोग यांच्याशीही त्यांचा संबंध आहे. वर्षभराच्या सरासरीने हवेच्या एका घनमीटरात असे कण ५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ठरविले. आपल्या देशाने स्वतःपुरती ठरविलेली मर्यादा ४० आहे; आणि आपल्या कित्येक शहरांना तीही पाळता येत नाही.

आमचे नंदगड गाव या शहरांपासून दूर, खानापूर तालुक्यात आहे. घाटाखालचा गोवा आणि घाटावरचा मुलूख यांच्या व्यापाराची ही जुनी पेठ. संगोळ्ळी रायण्णाला १८३१ साली फाशी दिले ते याच गावी. पश्चिमेच्या अंगाला भीमगडचे अरण्य आहे आणि याच तालुक्यात कणकुंबीला मलप्रभा उगम पावते. अशा ठिकाणी राहणाऱ्यांना दिल्ली-मुंबईच्या धुराची खरी कल्पना येत नाही. तरीही त्या दिवसांत शहरात निघालेले एक वाक्य येथवर पोहोचले होते: "निसर्गाने मोकळा श्वास घेतला." त्याच्या मागोमाग दुसरेही एक वाक्य आले: "माणूस हाच खरा रोग आणि कोरोना हे त्यावरचे औषध."

पहिल्या वाक्यात काही तथ्य आहे. दुसरे वाक्य मात्र आम्हांला क्रूर वाटते. कोणता माणूस हा रोग? हवेत धूर सोडणारा माणूस आणि धूर थांबल्यामुळे उपाशी राहिलेला माणूस, हे दोघे एकच होते काय?

किंमत कोणी दिली

दूर जाण्याची गरज नाही. आपल्याच बेळगाव जिल्ह्याच्या उत्तर टोकाला निपाणी आहे. तंबाखूच्या वखारी आणि विड्या वळणाऱ्या बाया यांच्यामुळे ते गाव साऱ्या महाराष्ट्राला व कर्नाटकाला माहीत आहे. वखारीत तंबाखू कुटताना, चाळताना जी धूळ उडते ती तेथे काम करणाऱ्या बाईच्या डोळ्यांत, नाकात आणि छातीत जाते. विड्या वळणारीच्या घरी ही धूळ अंथरुणापर्यंत पोहोचते. कारण सूप मांडीवर घेऊन ती जेथे विड्या वळते तेथेच तिची मुले झोपतात. टाळेबंदीत देशभर विड्यांचा धंदा ठप्प झाला. धूळ थांबली, आणि धुळीबरोबर मजुरीही थांबली. त्या बाईच्या दृष्टीने भाकर आणि धूळ एकाच पोत्यातून येतात. पोते बंद केले म्हणून तिची छाती थोडी हलकी झाली असेलही, पण चुलीवरचे भांडे रिकामे राहिले. तिला जाऊन कोणी म्हणावे की, "बाई, हवा किती छान झाली आहे"? असे म्हणणाऱ्याचे पोट भरलेले असले पाहिजे.

आमच्या खानापूर तालुक्यातील तरुण मुले पोटासाठी गोव्याला, पुण्याला, मुंबईला जातात. कारखान्यांत, हॉटेलांत, इमारतींच्या कामावर ती राबत असतात. टाळेबंदीत ही कामे बंद झाली, पण खोलीचे भाडे बंद झाले नाही. १८ मे २०२० रोजी कर्नाटक सरकारने महाराष्ट्रातून येणाऱ्यांना महिनाअखेरपर्यंत प्रवेश बंद केला. निपाणीजवळच्या कोगनोळी नाक्यावर पोलिसांचा पहारा बसला. ज्या सीमेच्या दोन्ही बाजूंना एकच भाषा बोलली जाते, एका बाजूला माहेर आणि दुसऱ्या बाजूला सासर असते, त्या सीमेवर माणसाला पास लागू लागला. वाऱ्याला अर्थातच लागत नव्हता. कोल्हापूरची निवळलेली हवा नाक्यावरून खुशाल इकडे येत होती, पण कोल्हापूरहून घरी निघालेला मजूर नाक्यावर अडत होता.

सर्वांत मोठी किंमत ज्यांनी दिली त्यांची हकिगत महाराष्ट्राने ८ मे २०२० च्या पहाटे ऐकली. जालन्याच्या एका पोलाद कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशातील वीस मजूर गावी जाण्यासाठी निघाले होते. भुसावळहून आपल्याला गाडी मिळेल अशी त्यांची आशा होती. ते रेल्वेच्या रुळांवरून चालत होते. रात्रभर चालून थकल्यावर औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ काही जण रुळांवरच आडवे झाले. प्रवासी गाड्या बंद असल्याचे त्यांना ठाऊक होते, परंतु मालगाड्या चालू होत्या. पहाटे आलेल्या मालगाडीखाली सोळा जण मरण पावले. त्यांनी वाटेसाठी बांधून घेतलेल्या चपात्या रुळांवर विखुरलेल्या होत्या. त्यांची छायाचित्रे देशातील बहुतेक वर्तमानपत्रांनी छापली.

या घटनेत आमच्या विषयाचे मर्म आहे. त्या दिवसांत मालाला वाट होती आणि माणसाला नव्हती. पोलाद घडविणारे हात रुळांवर पडले, आणि माल वाहणारी गाडी वेळेवर चालली होती. हवा निवळली ती ज्यांच्या थांबण्याने निवळली, त्यांतील कित्येकांना थांबण्यासाठी जागाच नव्हती.

विश्रांती आणि कोंडी

टाळेबंदीला पुष्कळांनी 'पृथ्वीची विश्रांती' म्हटले. शब्द चांगला आहे, पण विश्रांती कशाला म्हणावे याचा विचार करून तो वापरला पाहिजे. मोशेच्या नियमशास्त्रात जमिनीच्या विश्रांतीचा नियम आहे. दर सातव्या वर्षी जमीन पडीत ठेवावी, पेरू नये, छाटणी करू नये. वाचक हा नियम जाणतात. त्याचा दुसरा भाग मात्र आपण अनेकदा विसरतो. त्या वर्षी आपोआप जे उगवेल ते धन्याने एकट्याने कोठारात भरावयाचे नाही. चाकर, मजूर, गावात राहणारा परदेशी, गुरे आणि रानातील जनावरे, या सर्वांचा त्यावर हक्क आहे. म्हणजे जमिनीला विश्रांती द्यावयाची ती मजुराच्या ताटाची सोय करून. या दोन गोष्टी त्या नियमात वेगळ्या काढता येत नाहीत.

त्याच ग्रंथात दुसऱ्या एका प्रकारची विश्रांतीही सांगितली आहे. लोकांनी हा नियम पाळला नाही, तर ते परदेशी हाकलले जातील आणि त्यांच्या मागे ओसाड पडलेली जमीन आपली राहिलेली विश्रांती भोगील. पुढे इतिहासात तसेच घडले आणि सत्तर वर्षे जमीन पडून राहिली, असे इतिहासाचे दुसरे पुस्तक म्हणते. जमिनीच्या दृष्टीने दोन्ही विश्रांतीच होत. माणसांच्या दृष्टीने मात्र पहिली आज्ञापालन आहे आणि दुसरी वनवास. २०२० ची टाळेबंदी या दोहोंपैकी कोणत्या जातीची होती, हे रुळांवरून चालणाऱ्या मजुराला विचारावे लागले नसते.

आपल्या मुलखातील परंपरेतही हा फरक दिसतो. बेळगाव-खानापूर भागातील अनेक खेड्यांत 'वार पाळणूक' असते. ठरलेल्या वारी औत जुंपायचे नाही, रानात कामाला जायचे नाही, असे गावकरी एकत्र बसून ठरवितात. घाटाखाली मालवण तालुक्यात आचरे, चिंदर या गावांची 'गावपळण' प्रसिद्ध आहे. काही वर्षांच्या अंतराने सारे गाव, गुरेढोरे व कोंबड्यांसह, वेशीबाहेर राहुट्या बांधून तीन दिवस राहते आणि घरे मोकळी ठेवली जातात. यामागील श्रद्धा आपली नसेल, पण त्यातील रीत पाहण्यासारखी आहे. दिवस आधी ठरतो, तो सर्वांना कळतो आणि जमीनदार व शेतमजूर दोघांनाही सारखाच लागू होतो. शिधा बरोबर घेतलेला असतो. अशा थांबण्याला विश्रांती म्हणता येईल. चार तासांच्या सूचनेने, घरापासून हजार किलोमीटरवर, खिशात पैसे नसताना थांबावे लागणे ही विश्रांती नव्हे, ही कोंडी आहे.

साथ थोपविण्यासाठी कोंडी करणे काही वेळा भाग पडते, हे आम्ही नाकारीत नाही. १८९७ च्या प्लेगच्या वेळी केलेला साथरोग कायदाच २०२० साली पुन्हा वापरात आला. आमचे म्हणणे इतकेच की, कोंडीतून निपजलेल्या चांगल्या गोष्टीला सद्गुणाचे नाव देऊ नये. उपाशी ठेवलेल्या माणसाने उपास केला, असे कोणी म्हणत नाही.

जे थांबले नाही

आता दुसरी बाजू पाहू. एवढी किंमत देऊनही हवा पूर्ण निवळली नाही, आणि काही ठिकाणी तर मुळीच निवळली नाही.

प्लेगच्या काळात आपले पूर्वज घरे सोडून माळावर झोपड्या बांधून मोकळ्या हवेत राहत. कोरोनाच्या काळात याच्या नेमके उलटे झाले. माणसे घरात कोंडली गेली. आणि ज्या घरात लाकूडफाट्यावर व शेणींवर स्वयंपाक होतो, त्या घरात दिवसभर सारे कुटुंब धुरात बसले. आपल्या देशातील हवेच्या प्रदूषणात घरगुती चुलींच्या धुराचा वाटा फार मोठा आहे आणि तो घराबाहेरच्या हवेतही मिसळतो, असे शास्त्रज्ञ वारंवार सांगत आले आहेत. रस्ते व कारखाने बंद असतानाही हवेतील कण शून्यावर आले नाहीत, याचे एक कारण हेच. सरकारने एप्रिल २०२० पासून गरीब कुटुंबांना तीन सिलिंडर मोफत दिले हे चांगले झाले. परंतु सिलिंडर संपल्यावर पुढचा विकत घेण्याची ऐपत नसेल, तर बाई पुन्हा चुलीकडे वळते. हवा मोजण्याची यंत्रे बहुतेक शहरांच्या चौकांत उभी असतात. खेड्यातील स्वयंपाकघरात ती नसतात. म्हणून 'हवा निवळली' या बातमीत आपल्या आयाबहिणींच्या श्वासाचा हिशेब धरलेला नव्हता.

दुसरी न थांबलेली गोष्ट म्हणजे हवामान तापविणारा कार्बन डायऑक्साइड. एप्रिल २०२० च्या आरंभी साऱ्या जगाचे रोजचे उत्सर्जन २०१९ च्या सरासरीपेक्षा १७ टक्क्यांनी घटले होते. संपूर्ण वर्षाची घट मात्र सुमारे ५ टक्केच भरली, आणि २०२१ साली ती जवळजवळ सारी भरून निघाली. हवाई बेटांवरील माउना लोआ येथे या वायूची १९५८ पासून नोंद होते. तेथे मे २०२० मध्ये, जग बंद असताना, त्याचे प्रमाण दहा लाखांत ४१७ भाग, म्हणजे तोपर्यंतचे सर्वांत जास्त, भरले. यात नवल नाही. हौद भरत आलेला असताना नळ थोडा बारीक केला, तरी पाणी चढतच राहते. धूळ पावसाने धुऊन जाते, हा वायू शेकडो वर्षे राहतो. दोन महिन्यांच्या उपवासाने असले दुखणे बरे होत नाही.

रानातही सारे आलबेल नव्हते. मोर रस्त्यावर आले, हरणे गावात आली, अशा बातम्या आपण आवडीने वाचल्या. परंतु वन्यप्राण्यांच्या व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या 'ट्रॅफिक' या संस्थेने जून २०२० मध्ये दाखवून दिले की, टाळेबंदीच्या सहा आठवड्यांत मांसासाठी व स्थानिक विक्रीसाठी झालेल्या शिकारीच्या बातम्या ३५ वरून ८८ वर गेल्या होत्या. माणूस उपाशी राहिला की रान सुरक्षित राहत नाही. गरिबाची भूक आणि रानाचे रक्षण या दोन वेगळ्या गोष्टी मानणाऱ्यांनी हे आकडे ध्यानात घ्यावेत.

तिसरी गोष्ट आमच्या अगदी दाराशी घडली. खानापूर तालुक्यातील लोंढा जंक्शनाहून रेल्वेमार्ग कॅसलरॉकवरून घाट उतरून गोव्यात कुळे येथे जातो. मुरगाव बंदरात उतरलेला दगडी कोळसा याच मार्गाने वर येऊन बळ्ळारीकडील पोलाद कारखान्यांना पोहोचतो. या मार्गाचे दुपदरीकरण, शेजारच्या महामार्गाचे रुंदीकरण आणि विजेची एक मोठी वाहिनी, असे तीन प्रकल्प मोलेच्या भगवान महावीर अभयारण्यातून जाणार होते. त्यांपैकी महामार्ग व वीजवाहिनी यांना राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने ७ एप्रिल २०२० रोजी, ऐन टाळेबंदीत, दूरचित्र-बैठकीत हिरवा कंदील दाखविला. त्याच महिन्यात प्रकल्पांच्या पर्यावरणीय तपासणीचे नियम बदलणारा मसुदा राजपत्रात आला आणि लोकांना साठ दिवसांत हरकती घेण्यास सांगण्यात आले. लोकांना तर घराबाहेर पडण्याची मुभा नव्हती. पुढे ३० जूनला दिल्ली उच्च न्यायालयाने हा मसुदा देशाच्या बावीस भाषांत उपलब्ध करून देण्यास व मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढविण्यास सांगितले.

म्हणजे ज्या दिवसांत आपण निळ्या आकाशाची छायाचित्रे एकमेकांना पाठवीत होतो, त्याच दिवसांत पुढील पन्नास वर्षे ती हवा कशी राहील याचे निर्णय होत होते. पाय बंद होते, कागद चालत होते. याचे उत्तर गोव्यातील लोकांनी दिले. १ नोव्हेंबर २०२० च्या रात्री चांदर गावी हजारो माणसे मेणबत्त्या घेऊन रेल्वेमार्गावर जमली आणि पहाटेपर्यंत बसून राहिली. त्यांत शेतकरी होते, विद्यार्थी होते, म्हाताऱ्या बायाही होत्या. ९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दुपदरीकरणाला वन्यजीव मंडळाने दिलेली संमती रद्द केली. मार्चमध्ये आकाश निवळले त्यासाठी कोणी काही ठरविले नव्हते. चांदरच्या रुळांवर बसलेली माणसे मात्र स्वतः ठरवून, झोप मोडून आली होती. हवेसाठी केलेले कर्म त्याला म्हणावे.

दोन साथी

येथे एक कठीण प्रश्न येतो व तो टाळता येत नाही. वैद्यकीय नियतकालिक 'लॅन्सेट'च्या मालिकेत डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २०१९ या एका वर्षात हवेच्या प्रदूषणामुळे भारतात सुमारे १६ लाख ७० हजार मृत्यू झाले. त्यांतील सुमारे ६ लाख १० हजार मृत्यू घरातील धुरामुळे होते. कोरोनाने आपल्या देशात पाच लाखांहून अधिक माणसे गेली अशी सरकारी नोंद आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० व २०२१ या दोन वर्षांचा अंदाज सुमारे ४७ लाखांचा आहे, आणि सरकारने तो मान्य केलेला नाही. कोणताही आकडा धरला तरी दोन्ही साथी भयंकर आहेत. एकीसाठी आपण सारा देश थांबविला. दुसरीसाठी आपण कचरा पेटविणेही थांबविलेले नाही. असे का?

पहिले कारण असे की, रोग अनोळखी होता आणि धूर ओळखीचा आहे. चुलीपुढे खोकणारी आजी आपण लहानपणापासून पाहत आलो. तिच्या मृत्यूच्या दाखल्यावर 'धूर' असे कधी लिहिले गेले नाही. दुसरे कारण याहून टोचणारे आहे. कोरोना श्रीमंताच्या घरातही शिरत होता. विमानाने प्रवास करणाऱ्यांनी तो प्रथम आणला आणि मोठमोठी माणसे त्याने नेली. धूर मात्र निवड करतो. ज्याच्या घराला खिडक्या आहेत, गॅस आहे, ज्याला हवा गाळणारे यंत्र विकत घेता येते, त्याला तो कमी लागतो. वीटभट्टीवरच्या मुलाला, वखारीतल्या बाईला, चौकात उभ्या असलेल्या पोलिसाला तो जास्त लागतो. जो मृत्यू सर्वांच्या दारी येतो त्याच्यासाठी देश थांबतो, आणि जो गरिबाच्याच दारी येतो त्याला आपण 'परिस्थिती' म्हणतो.

म्हणून आम्हांला वाटते, टाळेबंदीने शिकविलेली गोष्ट 'सारे बंद करा म्हणजे हवा शुद्ध होईल' ही नव्हे. धूर हे आपले नशीब नाही, ही तिची शिकवण आहे. आकाश असेच मळकट असते, असे मानून चालणाऱ्या दोन पिढ्यांनी त्या एप्रिलमध्ये आपल्या डोळ्यांनी पाहिले की ते तसे नसते. आता 'आम्हांला माहीत नव्हते' हे उत्तर कोणालाच देता येणार नाही.

उसने आणि फेड

आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. दुसऱ्याच्या दुःखातून मिळालेल्या चांगल्या गोष्टीचे काय करावे? ती नाकारता येत नाही. आत घेतलेला श्वास परत करता येत नाही. ती देणगी म्हणून मिरवताही येत नाही, कारण देणाऱ्याने ती राजीखुशीने दिलेली नव्हती. आपल्या खेड्यांत यासाठी एक सरळ रीत आहे. शेजारणीकडून पीठ उसने आणले, तर परत देताना माप शीग लावून देतात. त्या दोन महिन्यांची हवा आपण उसनी घेतली आहे. विड्या वळणाऱ्या बाईकडून, नाक्यावर अडलेल्या मजुराकडून, करमाडच्या रुळांवर निजलेल्या सोळा जणांकडून ती घेतली आहे. फेड करावयाची तर ती अशा रीतीने की, हवा निवळावी आणि कोणाची भाकर मात्र थांबू नये.

हे शक्य आहे काय? थोड्या प्रमाणात ते त्याच वर्षी घडलेही. गावी परतलेल्या माणसांनी रोजगार हमीची कामे मागितली आणि २०२०-२१ या वर्षात देशभर सुमारे ३८९ कोटी मनुष्यदिवसांचे काम झाले. त्या योजनेच्या आयुष्यात तोवर एका वर्षात इतके काम कधी झाले नव्हते. तळी उपसणे, बांध घालणे, झाडे लावणे अशी पुष्कळ कामे त्यांत होती. जमिनीचे भले आणि मजुराची मजुरी एकाच खड्ड्यातून निघू शकते, हे त्यांनी दाखविले.

आपल्या गावापुरते, मंडळीपुरते पाहिले तर काही गोष्टी आपल्या हातात आहेत. ऊस तुटून गेल्यावर रानातला पाला पेटवून देण्याची आपल्या जिल्ह्यात चाल आहे. तो पेटविण्याऐवजी सरीत कुजविला तर जमिनीला खत मिळते, ओल टिकते, आणि शेजारच्या म्हाताऱ्याला रात्री बसून काढावी लागत नाही. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिकसकट कचरा पेटतो. ग्रामपंचायतीच्या सभेत उठून त्याविषयी बोलण्यास कोणाची परवानगी लागत नाही. मंडळीतील ज्या विधवेचा सिलिंडर रिकामा झाला आहे, तिच्यासाठी दानपेटीतून तो भरून देणे हे हवा शुद्ध करण्याचेच काम आहे, आणि आपल्या जुन्या सेवाकार्याच्या चौकटीत ते सहज बसते. वीटभट्टीवर, वखारीत काम करणाऱ्यांच्या छातीची तपासणी होते की नाही, हे विचारणे आपले काम आहे. रानातून, घाटातून काही मोठे जाणार असेल, तर त्याची जनसुनावणी केव्हा आहे ते शोधून काढून तेथे जाऊन बसणे हेही आपले काम आहे, मग त्या दिवशी मजुरी बुडो वा दुकान बंद ठेवावे लागो. तो एक दिवस आपण होऊन थांबलेला असेल.

यांतील एकाही गोष्टीने जालंधरहून धौलाधार दिसणार नाही. पण आपल्याच गल्लीत सांजवेळी धुराचा लोट खाली बसतो तेव्हा पलीकडच्या घरातले मूल खोकत असते, आणि ते खोकणे आपल्याला ऐकू येते. फेडीचा आरंभ तेथून करता येईल. माप लहान असले तरी चालेल, मात्र ते शीग लावून द्यावे.